मोटारीचा ताप

घरात मूल तापले म्हणजे शहाणी आई नुसता कपाळाला हात लावून थांबत नाही. ताप सकाळी चढतो की तिन्हीसांजेला, थंडी वाजून येतो की घाम फुटून उतरतो, काल मूल कोठे खेळले आणि काय खाल्ले, असे दहा प्रश्न ती स्वतःला विचारते. कारण ताप ही खूण आहे, दुखणे निराळेच आहे, हे तिला अनुभवाने ठाऊक असते. परंतु त्याच घरातली मोटार तापली म्हणजे मात्र आपण सारे एकदम अडाणी होतो. कोणी पाणी ओततो, कोणी ‘विकून टाका’ म्हणतो, आणि शेवटी गाडी एखाद्या मिस्त्रीच्या दारात उभी करून आपण विचार करण्याच्या जबाबदारीतून मोकळे होतो. वस्तुतः मोटारीलाही तेच दहा प्रश्न विचारता येतात, आणि ती मुलापेक्षा अधिक स्पष्ट उत्तरे देते, असा माझा गेल्या दोन वर्षांतील अनुभव आहे. तोच वाचकभगिनींपुढे ठेवण्याचे योजिले आहे.

आमची मोटार म्हणजे प्रीमियर पद्मिनी. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापिलेल्या प्रीमियर ऑटोमोबाईल्स कंपनीने मुंबईस कुर्ल्याच्या कारखान्यात जी इटालियन फियाट गाडी बांधावयास घेतली, तिलाच पुढे १९७४ मध्ये हे नाव मिळाले. मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनीच्या टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये कायमच्या गेल्या. नृसिंहवाडीत आमच्या अंगणात मात्र एक पद्मिनी अद्यापि उभी आहे. मामंजींनी ती नोकरीत असताना घेतली. आज त्यांचे वय पंच्याऐंशी आहे आणि त्यांना काचबिंदू आहे. डोळ्यातला दाब न दुखता, न खुपता वाढतो आणि दृष्टी हळूहळू कडेने खात येतो. म्हणून ठरल्या तारखेस मिरजेला जाऊन तो दाब मोजून घ्यावा लागतो. एस.टी.ची पायरी त्यांना चढवत नाही, आणि परक्या गाडीत बसावयास ते राजी नसतात. हे नोकरीनिमित्त पुण्यास असतात. तेव्हा मामंजींना मिरजेस नेणे-आणणे माझ्याकडे, आणि माझी सारी भिस्त या जुन्या गाडीवर. ती वाटेत तापली तर केवळ वेळ जातो असे नव्हे. तारीख चुकते, आणि गेलेली दृष्टी पुन्हा मिळत नाही.

मोटार तापते कशी हे समजण्यापूर्वी ती थंड कशी राहते हे समजले पाहिजे. पेट्रोल जळून जी उष्णता उत्पन्न होते तिचा फार तर तिसरा हिस्सा चाके फिरविण्याच्या कामी येतो. उरलेली उष्णता काही धुराबरोबर निघून जाते आणि बरीचशी यंत्राच्या लोखंडात मुरू पाहते. पेटलेल्या वायूची उष्णता क्षणभर दोन हजार अंशांच्या वर जाते. आणि आतले दट्टे ज्या ॲल्युमिनियमचे असतात ते तर ६६० अंशांवरच वितळते. हा अनर्थ टाळण्यासाठी यंत्राभोवती पाणी खेळविलेले असते. तापलेले पाणी पुढच्या रेडिएटरमध्ये जाते, तेथील बारीक नळ्यांतून उतरताना वाऱ्याने निवते आणि परत यंत्राकडे येते. १९०८ साली निघालेल्या फोर्डच्या ‘मॉडेल टी’ गाडीत आरंभीच्या काही गाड्या सोडल्या तर पाण्याचा पंपच नव्हता. आपल्या न्हाणीघरातील बंबात ऊन पाणी जसे आपोआप वर चढते, तेवढ्याच तत्त्वावर ते फिरे. त्याच्याही आधी, १९०० च्या सुमारास, विल्हेल्म मायबाख या जर्मन यंत्रज्ञाने आठ हजारांवर बारीक नळ्यांचा, मधाच्या पोळ्यासारखा रेडिएटर रचला होता. एका मोठ्या टाकीपेक्षा हजार बारीक वाटांनी पाणी लवकर निवते, ही त्यातली युक्ती. आमच्या गाडीत या पाण्याला पंप ढकलतो, मागून पंखा वारा ओढतो, आणि हे दोन्ही एका रबरी पट्ट्यावर फिरतात. तोच पट्टा वीज उत्पन्न करणारे जनित्रही फिरवितो. एवढी एक गोष्ट ध्यानात ठेवली तरी पुष्कळ घोटाळे टळतात.

मागल्या वर्षी आषाढात मामंजींना घेऊन निघाले असता शिरोळ सोडल्यावर फलकावरचा बॅटरीचा लाल दिवा लागला. गाडी तर उत्तम चालली होती. दोन-तीन मिनिटांत उष्णतेचा काटाही वर सरकू लागला. मी गाडी एका चिंचेखाली घेऊन बंद केली. रस्त्यावर गाडी थांबली की आपल्याकडे सल्लागारांना तोटा नसतो. ‘बॅटरी गेली,’ असे एकाने सांगितले; ‘पाणी संपलं,’ असे दुसऱ्याने; आणि तिसरा भला गृहस्थ खांद्यावरचा पंचा हाताला गुंडाळून रेडिएटरचे झाकण उघडावयास पुढे झाला.

मी म्हणाले, “दादा, हात लावू नका! कुकरची शिटी न काढता झाकण उघडाल का?”

ते झाकण साधे नसते. ते आत दाब धरून ठेवते, आणि दाबाखाली पाणी उशिरा उकळते. वातावरणाच्या दुप्पट दाब असेल तर सुमारे १२० अंशांवर. झाकण उघडताच दाब नाहीसा होतो, आतले सारे पाणी एका क्षणात उकळते आणि उघडणाऱ्याच्या तोंडावर येते. पंचाने त्यापासून रक्षण होत नाही. अर्धा-पाऊण तास थांबावे, वरची नळी हाताने दाबून मऊ लागते की नाही ते पाहावे, मगच झाकणाला हात घालावा.

पण येथे झाकण उघडण्याचे कारणच नव्हते. दिवा वीज नसल्याचे सांगत होता आणि काटा पाणी फिरत नसल्याचे. दोन तक्रारी एकदम आल्या म्हणजे दोघांचा समान आधार कोणता ते पाहावे. बॉनेट उघडले तो पट्टा जागेवर नव्हता. त्याचा तुकडा खाली अडकलेला दिसला. जयसिंगपुराहून एका मुलाने दुचाकीवरून नवा पट्टा आणून बसविला आणि आम्ही वेळेवर मिरजेस पोहोचलो. बॅटरी गेली असे समजून मी तशीच गाडी दामटली असती, तर यंत्राचे डोके वाकले असते.

या दिव्यांविषयी थोडे सांगितले पाहिजे. किल्ली फिरविताच, यंत्र सुरू होण्यापूर्वी, तेलाचा आणि बॅटरीचा असे दोन्ही लाल दिवे लागलेच पाहिजेत, आणि यंत्र सुरू होताच विझले पाहिजेत. जो दिवा मुळीच लागत नाही, त्याचा आनंद मानू नये. बहुधा तो दिवाच गेलेला असतो आणि पुढे संकट आले तरी तो मुकाच राहतो. तेलाचा दिवा चालत्या गाडीत लागला तर क्षणाचाही विलंब न लावता यंत्र बंद करावे. गाडी तापलेली असताना, उभी राहिली की तो मिणमिणतो आणि वेग दिला की विझतो, असे असेल तर तेल पातळ होऊन त्याचा दाब कमी पडत आहे, असे समजावे; उष्णतेचे आणि तेलाचे असे नाते आहे. काट्याचेही तसेच. सकाळी थार यंत्रावर किल्ली फिरविताच काटा टोकाला जाऊन बसला तर यंत्र तापलेले नाही, तार कोठे तरी उघडी पडली आहे. उलट तापत चाललेल्या गाडीचा काटा एकाएकी खाली आला तर हायसे वाटून घेऊ नये. उष्णता मोजणारा जो खिळा असतो तो पाण्यात बुडालेला असावा लागतो. पाणी निघून गेले की तो कोरडा पडतो आणि काटा खोटेच सांगू लागतो. ही घटका सर्वांत धोक्याची.

माझ्या भाच्याच्या नव्या गाडीत दिव्यांची दिवाळीच आहे. तांबडा दिवा म्हणजे थांबा आणि पिवळा म्हणजे लवकर दाखवा, एवढे ओळखले तरी अर्धे काम होते. त्याच्या गाडीत यंत्राच्या आकृतीचा पिवळा दिवा लागला तेव्हा दुकानदाराने एक उपकरण जोडून ‘पी ०१२८’ असा संकेत काढून दाखविला. भाच्याला वाटले, निदान झाले. परंतु त्या संकेताचा अर्थ इतकाच की यंत्र अपेक्षेप्रमाणे तापत नाही. थर्मोस्टॅट उघडा अडकला असेल, पाणी कमी असेल, किंवा मोजणारा खिळाच बिघडला असेल. तक्रार कोणाची हे संगणक सांगतो. कारण शोधावयास माणूसच लागतो.

पट्ट्याचे दुखणे सोपे होते. खरी परीक्षा दिवाळीनंतर आली. गाडी पुन्हा तापू लागली, आणि या वेळी दिवा एकही लागेना. एका मिस्त्रींनी गाडी दहा मिनिटे चालवून पाहिली आणि निकाल दिला :

“वहिनी, हेड उतरावं लागतंय. गॅस्केट गेलंय बघा. अठरा-वीस हजार धरून चला.”

भावोजी म्हणाले, “एवढे पैसे या डब्यात घालण्यापेक्षा भंगारात द्या.” मामंजी काहीच बोलले नाहीत; ते नुसते अंगणात जाऊन गाडीच्या दारावर हात ठेवून उभे राहिले. मी मिस्त्रींकडून आठ दिवसांची मुदत मागून घेतली.

प्रथम गाडी केव्हा तापते हे पाहिले. शनिवारी आणि पौर्णिमेला वाडीच्या रस्त्यावर यात्रेकरूंच्या गाड्यांची रांग लागते. त्या रांगेत अर्धा तास यंत्र चालू ठेवून उभी राहिले; काटा मध्याच्या पुढे सरकला नाही. जयसिंगपूरच्या मोकळ्या रस्त्यावर साठच्या वेगाने नेली की मात्र दहा-बारा किलोमीटरांत तो वर चढे. उभ्या गाडीला वारा फक्त पंख्याचा. तेथे ती निवत होती, म्हणून पंखा आणि पट्टा निर्दोष. धावत्या गाडीला वारा भरपूर, पण उष्णताही अधिक. तेथे ती हरत होती, म्हणून पाणी पुरेसे वाहत नव्हते किंवा पुरेसे निवत नव्हते. केवळ या एका निरीक्षणाने निम्मे संशय गळाले.

मग गॅस्केटकडे वळले. गॅस्केट फुटले की जळता वायू पाण्यात शिरतो. थंड गाडीचे झाकण काढून यंत्र सुरू केले तर पाण्यात सतत बुडबुडे येतात. ते आले नाहीत. पाणी तेलात उतरले तर तेल ताकासारखे पांढुरके होते. पळी बाहेर काढून पाहिली, तेल स्वच्छ होते. धुराड्यातून पांढरी वाफही येत नव्हती. वीस हजारांच्या निदानाला पुरावा एकही सापडला नाही.

पुढे थर्मोस्टॅट. यंत्र पुरेसे तापेपर्यंत पाणी अडवून धरणारी आणि मग उघडणारी ही लहानशी झडप. कित्येक जण ती कायमची काढून टाकतात. त्याने ताप उतरल्यासारखा वाटतो, पण यंत्र नेहमीच थंड चालते, पेट्रोल अधिक जाते, आणि मूळ दुखणे झाकून राहते. मी ती सोडवून घेतली आणि स्वयंपाकघरात आणली. सासूबाई ओट्याशीच होत्या.

“काय गं ते? माझं पातेलं मिळायचं नाही हो,” त्या म्हणाल्या, आणि मग माळ्यावरचे एक टिचके भगुले आपण होऊन काढून दिले. त्यात पाणी ठेवून झडप दोऱ्याने अधांतरी टांगली, कारण बुडाला टेकली तर ती खोटे सांगते, आणि शेजारी शाळेतील उष्णतामापक धरला. झडपेवर जो अंक कोरलेला होता त्याच्या आसपास पारा येताच ती कमळासारखी हळूच उघडली, सासूबाईंनी ‘अगोबाई!’ म्हणून पदर तोंडाला लावला. थर्मोस्टॅटही निर्दोष ठरला.

आता उरला रेडिएटर. बाहेरून पाहता त्याच्या पात्यांत उसाच्या तुऱ्याचे पांढरे केस आणि किडे अडकले होते. आमच्या भागात हंगामात हे चालावयाचेच. ते पाण्याच्या मंद धारेने मागून पुढे धुऊन काढले. थोडा फरक पडला, पण ताप गेला नाही. मग गाडी तापवून, यंत्र बंद करून, जरा निवल्यावर मी रेडिएटरवरून तळहात फिरविला. वरचा भाग ऊन होता, पण मधले आणि डाव्या अंगाचे पट्टे गार लागले. जेथे पाणी जात नाही तेथे ऊब कोठून येणार? नळ्या आतून बुजल्या होत्या.

त्या कशाने बुजल्या, हेही झाकण काढताच दिसले. तोंडाशी पांढरा, खरखरीत थर बसला होता. अगदी आमच्या न्हाणीतल्या बंबाच्या तळाशी बसतो तसाच. मामंजींची नजर अधू झाल्यापासून गाडीला पाणी घालण्याचे काम गड्याकडे होते आणि तो ते अंगणातल्या बोअरचे घालीत असे. शिरोळ तालुक्यात हे पाणी म्हणजे काय, हे येथील शेतकऱ्यास विचारावे. उसाला वर्षानुवर्षे पाणी वाजवीपेक्षा अधिक दिले गेले, निचरा झाला नाही, जमिनीतले क्षार वर आले, आणि शेकडो एकर काळीभोर जमीन पांढरी पडून नापीक झाली. जे क्षार शेतात पांढरे दिसतात तेच थेंबाथेंबाने आमच्या गाडीत शिरले होते. पाण्याची वाफ होऊन जाते, क्षार मागे राहतो, आणि त्याचा थर उष्णतेला बाहेर जाऊ देत नाही. शेताचे आणि मोटारीचे दुखणे एकच निघाले.

कोल्हापुरास उद्यमनगरात रेडिएटरचे काम करणाऱ्या एका कारागिराने वरची-खालची टाकी सोडवून एकेका नळीतून पातळ गज घातला आणि पुन्हा डाग देऊन ती बसविली. निघालेला क्षार त्याने वर्तमानपत्रावर ठेवून दाखविला, वाटीभर होता. हेड उतरविण्याच्या खर्चाच्या पाचव्या हिश्श्यात काम झाले. ज्या मिस्त्रींनी हेड उतरावयास सांगितले होते त्यांना मी तो कागद नेऊन दाखविला. त्यांनी क्षार बोटांत चोळून पाहिला आणि म्हणाले, “पाणी कुठलं घालता, हे मी विचारायलाच पाहिजे होतं.” हे म्हणण्याला मोठे मन लागते, पुढची कामे मी त्यांच्याकडेच देते.

आता आम्ही शुद्ध केलेले पाणी आणि कूलंट समभाग मिसळून घालतो. कूलंट म्हणजे थंड देशांत पाणी गोठू नये म्हणून निघालेले औषध. कोल्हापूर जिल्ह्यात पाणी गोठत नाही हे खरे, परंतु ते उकळण्याचा अंशही वाढविते आणि गंज व क्षार धरू देत नाही. मात्र ते विषारी असून चवीला गोड असते. ते सांडलेले तसेच ठेवू नये, आणि मुलांच्या व मांजरा-कुत्र्यांच्या वाटेला येऊ देऊ नये.

इतके करूनही गाडी कधी वाटेत तापलीच, तर काटा टोकाला जाण्याची वाट पाहू नये. बाजूला घ्यावी, यंत्र बंद करावे आणि थांबावे. तापलेल्या लोखंडावर एकदम थंड पाणी ओतू नये, ते तडकते. ‘आता गाव दोनच कोस राहिले’ हा विचार जितकी यंत्रे मोडतो तितकी वाईट रस्तेही मोडीत नसतील.

नृसिंहवाडीच्या माणसाला हे शिकविण्याची वस्तुतः गरज नसावी. कृष्णा-पंचगंगेच्या संगमावर आमचे गाव. पावसाळ्यात पाणी घाटाच्या कितव्या पायरीला लागले, हे येथे लहान मुलेही सांगतात. पाणी देवळात शिरते, उत्तरेच्या दाराने येऊन पादुकांवरून दक्षिणेच्या दाराने बाहेर पडते, आणि त्या दक्षिणद्वाराच्या स्नानाला दुरून लोक येतात; पण त्याच वेळी उत्सवमूर्ती वरच्या बाजूला हलविलेली असते आणि खालच्या अंगाची दुकाने रिकामी झालेली असतात. २००५, २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत पाण्याने गावाची नेहमीची मर्यादा ओलांडली, आणि पायरीकडे डोळा ठेवून वेळेवर निघालेल्यांचे निदान जीव आणि चीजवस्तू वाचली. पायरी पूर थांबवीत नाही. ती अवधी देते. फलकावरचा काटाही तेवढेच करतो. एका भाड्याच्या गाडीत मी लाल दिव्यावर चिकटपट्टी लावलेली पाहिली. ‘सारखा लागतो, डोळ्याला त्रास होतो,’ असे चालकाने सांगितले. घाटाची पायरी फोडून पूर टाळण्याचा तो प्रकार होता.

आमच्या घरी आता एक नवा नेम सुरू झाला आहे. दर रविवारी सकाळी, गाडी थंड असताना, मी झाकण उघडून पाणी पाहते आणि किती घातले ते सांगते. मामंजी भिंतीवरच्या दिनदर्शिकेत त्या तारखेखाली मोठ्या अक्षरांत लिहून ठेवतात. जेथे पाणी मुळीच आटू नये तेथे दर आठवड्यास पेलाभर लागू लागले, तर काटा हलण्यापूर्वीच आम्हाला ते कळेल. त्याच पानावर मिरजेची पुढली तारीखही त्यांनी लिहिलेली असते. गेल्या सहा महिन्यांत पाण्याच्या रकान्यात त्यांनी बहुतेक वेळा पूज्यच मांडले आहे, आणि मिरजेची एकही तारीख चुकलेली नाही.